आईची दोन हात माती

रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या घरामागचं अंगण वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. मी ते तीनदा मोजलं होतं. आईनं त्यातली आपली जागा एकदाच मोजून दाखवली, आणि तीच मी धरली नाही.

पावसाळ्यात ती तिथल्या चिखलात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. वय बहात्तर. मी जवळच्या 'नवा रायपूर' या नव्या शहरात सरकारी नोकरीला. तिथल्या पदपथांवर पेवर ब्लॉकच्या सरळ रेषा रोज बघायचो. अंगणही तसंच करून घ्यायचं ठरवलं. आई पुन्हा पडू नये, एवढाच हेतू.

मिस्त्री जाणता होता. आठ इंच खोदून गिट्टी घातली, मशीननं ठोकली, वर रेती पसरली. मागच्या नालीकडे वीस फुटांत अडीच इंच उतार. मी तो पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीनं तपासला. बरोबर निघाला.

पेवर बसवायच्या सकाळी आई स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी खाली बसली आणि कोपरापासून हात टेकवत मोजू लागली. दोन हात रुंद, तीन हात लांब.

"एवढी माती राहू दे मले."

"काहून?"

"सारवाले. बसाले."

तिथे ती रोज शेणानं सारवून बसायची, भाजी निवडायची, तांदूळ पाखडायची. शेजारची म्हातारी मागच्या फाटकातून येऊन समोर बसायची. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी म्हणालो, "मधात माती राहिली त पाणी मुरन, आजूबाजूचं सारं खचन."

"छोड़ देथन भैया," मिस्त्री आपल्या छत्तीसगढी हिंदीत म्हणाला. "किनारे सीमेंट की पट्टी मार देंगे, कुछ नहीं धंसेगा."

"नक्शे में नहीं है." नकाशा मीच काढलेला.

आई उठली. "जाऊ दे गा बापा. साहेबाचा नकाशा हाये."

चौदाशे पेवर बसले. आजवर एकही खचला नाही.

आठ दिवसांनी तिनं त्या जागेवर, पेवरवरच, सारवलं. मी ऑफिसला निघालो होतो. "आई, याच्यावर शेण? डाग पडते ना!" म्हणत नळी लावून धुऊन टाकलं. ती बादली धरून बघत राहिली.

उन्हाळ्यात पेवर तापले. मी तिला चपला आणल्या. अंगणात ती जन्मात कधी चपला घालून फिरली नव्हती. शेजारीण दोनदा येऊन उभ्या उभ्या परत गेली. आई आत खुर्चीवर भाजी निवडू लागली. दोन वर्षांत ती एकदाही पडली नाही, हे मी लोकांना अभिमानानं सांगायचो. ती बाहेरच जात नव्हती, हे माझ्या हिशेबात आलं नाही.

मग तिचे गुडघे धरले, म्हणून दाखवायला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी खाली जमिनीवर बसतात का?" आईच म्हणाली, "आधी बसत होती."

त्याच मिस्त्रीला बोलावलं. त्रेसष्ट पेवर निघाले. कडेनं सिमेंटची पट्टी मारून आत माती भरली. आईला हात धरून आणलं. दाराची चौकट पकडून ती गुडघ्यात वाकली, अर्ध्यावर थांबली, परत सरळ झाली.

"नाही होत आता. बसली त उठवन कोण? तू त ऑफिसात."

"खुर्ची ठेवतो ना इथं."

"मातीत खुर्ची रुतते," ती म्हणाली.

आता रविवारी मी सारवतो. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून बघत होती.

"पाणी जास्त झालं," म्हणाली, आणि आत गेली.