गडग्याच्या आतलं जायरोकॉप्टर

पावस गावात आमची आंब्याची बाग आहे. तिथे ऐन काढणीत नवरा कलमावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. मणक्याचं ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि पडून पडून माकडहाडाशी जखम झाली.

ती पाहून डॉक्टर म्हणाले, "यांना खुर्चीत बसवा. पण नुसतं बसवून ठेवू नका. थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हात टेकून अंग वर उचललं पाहिजे, म्हणजे तिथे रक्त फिरेल. जखम हाडापर्यंत गेली, तर मग मी कसलाच शब्द देऊ शकत नाही."

मला समजलं. नवऱ्यालाही समजलं असावं, पण तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी रागावले, विनवलं, जेवणाचं ताट खुर्चीपुढच्या टेबलावर ठेवून पाहिलं. तो जेवलाच नाही. शेवटी ताट मीच उचललं. जखमेची पट्टी बदलताना दर वेळी ती थोडी खोल वाटायची. दार लावून रडायलाही वेळ नव्हता, कारण काढणी चालू होती आणि गडी माझ्या जिवावर होते.

पुण्याहून मुलगी आली. कम्प्युटरवरचं काम करते. तिने बापाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि त्यात एक खोटं जग उघडून दिलं. समुद्र, बेटं, रस्ते, जगभरची माणसं आपापली बाहुली घेऊन फिरतायत. त्यात तिने बापाच्या नावे जमिनीचा तुकडा घेतला होता आणि वर एक जायरोकॉप्टर उभं होतं. एका माणसाची उघडी बैठक, मागे ढकलणारा पंखा, डोक्यावर मोठी पाती.

"वरच्या पात्यांना इंजिन नाहीये, बाबा," ती म्हणाली. "पुढे धावलं की वाऱ्याने ती फिरतात आणि मग उचलतं. म्हणून धावायला जागा लागते. आणि हवेत एका जागी थांबता येत नाही. बटणं सोडलीत की खाली."

नवऱ्याने मान वळवली. "बसवा मला," म्हणाला. आम्ही दोघींनी उचलून बसवलं.

त्याने पहिल्या दिवशी उडवलं नाही. गडगा घातला. कोकणातल्या माणसाला जमीन मिळाली की तो आधी भोवती जांभ्या चिऱ्यांची भिंत, गडगा, घालतो, मग पुढचं बघतो. बटणं दाबून दाबून त्याने तुकड्याच्या चारी बाजू बंद केल्या. तोवर मुलगी पुण्याला परत गेली होती, तिने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, तिथे गुरं येत नाहीत."

"गुरं नाय, माणसं येतात ना? शेजारी आज वीतभर सरकेल, उद्या हातभर."

"तिथे हद्द कम्प्युटर सांभाळतो."

"इथे तलाठी सांभाळतो. बघतोय ना."

"बरं, निदान बेडं तरी ठेवायचं, जायला-यायला वाट."

"उडणाऱ्या गाडीला बेडं कशाला गो?"

कशाला ते लगेच कळलं. जायरोकॉप्टर धावायचं, पाती फिरायला लागायची, जमिनीपासून जरा सुटायचं आणि गडग्यावर आपटायचं. आपटलं की उलटं पडायचं, मग पुन्हा जागेवर यायला थोडा वेळ जायचा. तेवढ्यात मी म्हणायची, "उचला." दुसरं काही करायला नसल्याने तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग उचलायचा. आपटायचं, उचलायचं. दुपारभर हेच. जखमेच्या कडा सुकायला लागल्या. मी डॉक्टरांना सांगून आले, आणि घरी येताना रिक्षात बसून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मग धाकटा दीर बघायला आला. शेजारीच राहतो. खुर्चीमागे उभा राहून त्याने दोन-तीनदा आपटताना पाहिलं.

"दादा, तू गाडी उडवतोस की गडगा पाडतोस?"

"गप रे. धाव कमी पडते."

"मग समोरचे चार चिरे काढ ना! बेड्यातून सरळ रस्त्यावर धावव. रस्ता सगळ्यांचा आहे, कोण विचारतो?"

नवऱ्याने चिरे काढले. जायरोकॉप्टर बेड्यातून धावत गेलं, रस्त्यावर सुटलं आणि वर चढलं. खाली समुद्र आला. नवरा हसला. पडल्यापासून मी त्याचे दात पाहिले नव्हते. दिराला मी तेव्हा चहाबरोबर लाडू दिला.

त्यानंतर नवरा आपटेनाच. सकाळी बसवलं की दुपारपर्यंत हवेत. दोन्ही हात बटणांवर. मी म्हणायची, "उचला." तो म्हणायचा, "आता नाय, पडेल." मी म्हणायची, "उतरवा मग." तो म्हणायचा, "पुढचं बेट येऊ दे."

काही दिवसांनी पट्टी सोडली तर वास आला. जुनी जखम उघडली होती आणि खाली, बसण्याच्या हाडावर, नवी लाल झाली होती. मी त्याला आरसा धरून दाखवलं. त्याने आरसा बाजूला सारला.

"एवढं एक राहिलंय. ते पण काढून घे," म्हणाला.

मी मुलीला फोन केला. "चिरा परत कसा बसवायचा ते सांग."

"आई, ते उडतायत. तू त्यांना परत कोंडणार?"

"तू पट्टी सोडायला ये. मग मला विचार."

ती रडली. रडत रडतच तिने सांगितलं, कुठलं बटण, कुठे दाबायचं. नवऱ्याचा डोळा लागला होता तेव्हा मी टेबलाशी बसले आणि बेडं बुजवलं. वर आणखी एक थर चढवला. माझ्या हातून चिरे वाकडे बसले, पण बसले.

चहानंतर त्याला खुर्चीत ठेवलं. जायरोकॉप्टर धावलं आणि आपटलं. त्याने पडद्यावरच्या वाकड्या चिऱ्यांवर बोट ठेवलं.

"कोणी घातला?"

"मी."

"पाडणार मी तो."

"पाडा. मी पुन्हा घालीन. मला रोज वेळ आहे."

तो मला काय काय बोलला ते लिहीत नाही. अपंग माणूस शिव्या द्यायला कमी पडतो असं नाही. मी उभी राहिले. बोलून संपल्यावर त्याने जायरोकॉप्टर मागे घेतलं आणि पुन्हा गडग्यावर घातलं, जाणूनबुजून, पूर्ण वेगात. ते उलटं पडलं.

"उचला," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्चीचे हात धरून जोर दिला. अंग उचललं की नाही याची मला खात्री वाटेना, म्हणून मी वाकून गादी आणि त्याच्या अंगाच्या मधे हात घातला. हात आत गेला. माझी बोटं चेपू नयेत म्हणून की काय, मी काढेपर्यंत तो तसाच वर राहिला.