निजताना सोडलेली गाठ

केरसुणीच्या बुडख्यानं तिनं माझा पदर बाजूला सारला. हातानं नाही. हात लावायचा नव्हता तिला.

मी मागच्या पडवीत निजले होते. पहाटेपासून दळलं होतं, दुपारी भाकरी खाल्ली आणि जात्याशेजारीच आडवी झाले. घरी तान्ही मुलगी होती. तिला निघताना पाजून यायचं, ते एकदम दिवेलागणीला जाऊन पाजायचं. दुपारपर्यंत छाती दगडासारखी व्हायची. म्हणून निजताना चोळीची गाठ सोडली होती. वरून पदर घेतला होता, पुरता, गळ्यापर्यंत.

डोळे उघडले तर मालकीणबाई समोर. तिच्या मागं इंदापूरच्या दोन बायका, तिच्या लेकीच्या सासरच्या. बाळंतीण बघायला आल्या होत्या. त्यांतली एक हसली.

"तुमच्याकडं बायका अशाच निजत्यात व्हय?"

मालकीणबाईचं तोंड लाल झालं. "मोरगावाकडची मेंढरामागची माणसं ही. ह्यांना चोळी घालायचीबी शिकवाय लागती." मग माझ्याकडं वळून, "गडीमाणसं ताक प्यायला येत्यात हितं. लाज हाय का न्हाय? बांध. माझ्यासमोर बांध. आवळून."

मी उठून बसले. तिघींच्या पुढ्यात गाठ बांधली. ती दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

"चुकलं, बाई," मी म्हणाले.

काय चुकलं होतं? कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण मला खरंच वाटलं, आपलं काहीतरी वाईट उघडं पडलं.

मोरगावाकडं पाऊस नव्हता. मेंढरं विकून आम्ही कालव्याच्या पाण्यामागं सांगवीला आलो होतो. नवरा त्यांच्या उसाला पाणी द्यायचा, मी घरात दळण-कांडण करायची. पाटाच्या कडेला आमची खोपी. त्या घरानं काढून टाकलं तर जायचं कुठं, हे रोज डोक्यात असायचं.

त्या दिवसापासून मालकीणबाई रोज दुपारी पडवीत डोकावायची. बोटानं गाठ ओढून बघायची, गाय विकत घेताना दात बघतात तशी. "चांगल्या घरच्या बाया निजतानाबी आवरून निजत्यात," म्हणायची. मी मान हलवायची. आणि मला सांगायला जड जातं, पण मला ते पटायला लागलं. सैल निजणारी बाई म्हणजे सैल बाई. माझी आई उभा जन्म चोळी सोडून निजली. ती वाईट होती का, असा विचार माझ्या मनात आला. माझ्या आईबद्दल.

मग मी खोपीतही गाठ सोडेना. सासू म्हणाली, "अगं सोड की ती. पोरीला नीट धरता यीना तुला."

"नगं. वाईट दिसतंय."

"कुणाला? हितं मी हाय न् तुझी लेक हाय."

मी कूस बदलली.

डाव्या बाजूला आधी ठणका लागला. मग आत लिंबाएवढी गाठ हाताला लागली. अंग तापायचं. पोरगी तोंड लावायची, ओढायची, काही येईना की किंचाळायची. मूठ आपटायची माझ्यावर. सासू शेजारच्या शेळीचं दूध आणून बोळ्यानं तिच्या तोंडात पिळायची. मी बघत बसायची. माझंच पाप लेकराला लागलं, असं वाटायचं. त्या दिवशी उघडी निजले, त्याचं हे फळ. मी आणखी घट्ट बांधायची.

एकदा दुपारी मालकीणबाईनं शेगडी मागितली. मी निखारे घालून बाळंतिणीच्या खोलीत नेली. तिची लेक, आम्ही तिला ताई म्हणायचो, माझ्याच वयाची. बाजेवर पडली होती. कुशीत बाळ. मालकीणबाई तिच्या उशाशी बसून तिच्या चोळीची गाठ सोडत होती. हळूहळू, दुखू नये अशी.

"निजताना कशाला आवळतीस गं बाये? सैल सोड. दूध भरलेलं असतंय, उगी गाठ व्हायची."

शेगडी माझ्या हातात. तळवे भाजायला लागले तरी मी ती खाली ठेवेना.

"ठिव तितं अन् जा," ती म्हणाली.

मी ठेवली. गेले नाही.

"मला झालीया ती गाठ, बाई."

"काय?"

मी पदर काढला. चोळी सोडली. डावी बाजू लाल झाली होती, कातडी ताणून चकाकत होती. कापडाचा काच खोल उमटला होता.

"झाक! झाक आधी ते!"

"तुमीच आवळाय लावलं."

"तुझी गोष्ट येगळी. ती बाळंतीण हाय."

"मग मी कोण हाय?"

ताईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं होतं, ती काहीतरी म्हणेल.

"गाठ बांध अन् कामाला लाग," मालकीणबाई म्हणाली. आवाज खाली आला होता.

"न्हाय बांधायची."

पदर अंगाभोवती घेतला आणि निघाले. स्वयंपाकघरातून, अंगणातून. गडी ताक पीत बसले होते. कुणी वर बघितलं नाही. चोळीची दोन्ही टोकं पदराखाली लोंबत होती. मजुरीचे दाणे मागायलाही मी परत गेले नाही. नवऱ्यालाही त्यांनी काढलं. तो चार दिवस खोपीबाहेर निजला. पाचव्या दिवशी पणदऱ्याला काम शोधून आला आणि म्हणाला, "चल."

त्या गाठीचं गळू होऊन फुटलं. सासूनं पोटीस बांधून बांधून ते वाळवलं. पण त्या बाजूला पुन्हा कधी दूध आलं नाही. पोरगी एका बाजूवर आणि शेळीवर वाढली. बारीक राहिली. आजही तिला उन्हात चक्कर येते. मला माहीत आहे दोष कुणाचा. तरी बांधणारी बोटं माझी होती, हे विसरता येत नाही. दुसऱ्याच्या तोंडातली लाज मी माझी म्हणून घरी आणली आणि लेकराला पाजली.

निजताना बाईनं अंगात काय घालावं, काय सोडावं, हे तिच्या अंगाला विचारावं. तिच्या मालकिणीला नाही, सासूला नाही, इंदापूरच्या पाहुणीला नाही.

पणदऱ्याच्या नव्या घरी दळण धरायला गेले, तेव्हा उंबऱ्याच्या बाहेर उभी राहूनच बोलले. "दुपारी लेकराला पाजून यीन. मग घटकाभर निजीन, गाठ सोडून. कुणी बघायला यायचं न्हाय. कबूल आसंल तर आत येते. नसंल तर तुमचं जातं तुमी फिरवा."