गोड बोलणारी सुनीता

आज ऑफिसात कुणीतरी डबा उघडला आणि लसणाच्या चटणीचा वास दरवळला. मला पौडकडच्या चांदे गावाजवळच्या पॅकिंग कारखान्यातले माझे पहिले दिवस आठवले.

मी नवीन, म्हणून कुणी बोलत नव्हतं. सुनीता तेवढी जेवताना जवळ बसायची, माझ्या भाकरीवर चटणी ठेवायची आणि घरचं सगळं विचारायची. पौडहून कामाला येणाऱ्या शहनाजभाभी लांबून आमच्याकडे बघत राहायच्या. एकदा नळावर हात धुताना त्या हळूच म्हणाल्या, "तिला काय बी सांगू नका. लई गोड हाय ती." मला भाभींचाच संशय आला.

मला दिवस गेले होते. ते मी फक्त सुनीताला सांगितलं. त्याच आठवड्यात सुपरवायझरनं बोलावलं. "अशा अवस्थेत खोकी उचलणं जमणार नाही तुम्हाला. उद्यापासून येऊ नका."

भाभींनी माझी पिशवी आणून दिली. सुनीता मात्र गेटपर्यंत आली आणि माझा हात धरून रडली. तेव्हा ते रडणं मला ढोंग वाटलं. आता वाटतं, माझं गुपित फोडूनही तिचं रडणं खरं असावं, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.