दहा दिवसांचं सुतक

आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंना दोन गोष्टींचं भारी वेड होतं, एक हजेरीपट आणि दुसरं सोवळं. वर्षातले तीन चतुर्थांश दिवस हजर नसाल तर परीक्षेला बसायचं नाही, हा नियम. पावसाळ्यात हिवतापाने मला इतकं लोळवलं होतं की माझ्या वाट्याची सगळी गैरहजेरी दिवाळीआधीच संपली. मी चौथीत होते. आता एक दिवस जरी बुडाला तरी चौथी पुन्हा माझ्याच गळ्यात पडणार होती.

आणि नेमकं माघात बाबांचं पत्र आलं की दहा दिवसांची रजा मिळाली, येतोय. बाबा पलटणीत हवालदार होते. दोन वर्षं आम्ही त्यांना पाहिलं नव्हतं. या रजेनंतर कुठे जायचं ते सांगायची त्यांना बंदी होती, म्हणजे लढाईवरच जाणार हे आमच्या लोधीपुऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मी सरळ बाईंकडे जाऊन रजा मागितली.

“वडील घरातच असतील ना? शाळा पाचला सुटते. मग भेट की.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरकारला माझे बाबा वर्षभर चोवीस तास लागतात, आणि मला मात्र पाचनंतर!

एका सवलतीला मात्र बाईंची ना नसे. ती म्हणजे सुतक. सुतकातली मुलगी शाळेच्या पाण्याच्या माठाला शिवली तर? म्हणून बाई तिला दहा दिवस घरी बसवत आणि हजेरीपटात नुसता ‘सु’ लिहीत. ती गैरहजेरी धरलीच जात नसे.

मग मी दापोऱ्याच्या आजोबांना मारलं. हे बाबांचे सख्खे काका, दिवसभर केळीच्या मळ्यात राबणारे, चांगले ठणठणीत. मी डोळ्यांत पाणी आणून बातमी सांगितली तशा बाई चार पावलं मागे सरकल्या. “जा, जा! दहा दिवस इकडे फिरकू नकोस.” इतक्या आनंदाने मी आजवर कुणाचीच आज्ञा पाळली नव्हती.

घरी सांगितलं, बाईंनी रजा दिली. त्यात खोटं काय होतं? आई म्हणाली, “पाहा, फौजेतल्या माणसाची कदर आहे त्यांना.”

ते दहा दिवस मी बाबांचा सदरा सोडला नाही. सकाळी ते नदीवर राजघाटाला पोहत आणि मी पायरीवर त्यांचे कपडे राखत बसे. दुपारी अंगणात ते मला कवाईत शिकवत. डावीकडे वळ म्हटलं की मी हमखास उजवीकडे वळे आणि ते पोट धरून हसत. आई रोज काहीतरी गोडधोड करी. सुतकाच्या घरातून पुरणाचा वास रस्त्यावर जाऊ नये म्हणून मी खिडक्या लावत फिरे.

दहाव्या दिवशी स्टेशनवर जायला टांगा आला. बाबा खाकी चढवून दारात उभे राहिले. आई तबक घेऊन ओवाळणार तोच देवळाकडे निघालेल्या मोठ्या बाई रस्त्यातून ओरडल्या, “अहो, थांबा! सुतकात ओवाळता?”

निघायच्या वेळी दारात असा शब्द! आईचा चेहरा पांढरा पडला. “सुतक? कुणाचं?”

“दापोऱ्याच्या काकांचं. तुमच्या मुलीनेच सांगितलं.”

तेवढ्यात एक बैलगाडी येऊन थांबली आणि केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन साक्षात आजोबाच उतरले. पुतण्याला निरोप द्यायला आले होते.

“मी मेलो?” सगळं ऐकून ते म्हणाले. “मले त कोनी सांगतलंबी नाही! मंग हा घड कोनं आनला?”

आईने माझ्यावर हात उगारला. बाबांनी तो वरच्या वर धरला आणि मला विचारलं, “का गं असं केलंस?”

“पाचनंतरचे बाबा मला पुरले नसते,” मी म्हटलं, आणि या वेळी खरंच रडले.

बाबांनी माझे डोळे पुसले आणि ते बाईंकडे वळले. मग म्हणाले, “आमच्या पलटणीत न विचारता गैरहजर राहिलं तर कोठडी मिळते. बाई, नियम तो नियम. तुम्ही गैरहजर लिहा.”

खोट्या मरणाने माणसाचं आयुष्य वाढतं असं आमच्याकडे मानतात. आजोबांनी मला जवळ ओढलं. “पोरी, माहं कायले वाढवलं वं? तुह्या बापाचं वाढवायचं होतं!” आईने पदर डोळ्यांना लावला आणि बाबांना ओवाळलं.

बाईंनी तांबड्या शाईने सगळे ‘सु’ खोडून तिथे ‘गै’ लिहिला. परीक्षा हुकली. मैत्रिणी पाचवीत गेल्या आणि मी त्यांच्या धाकट्या बहिणींच्या शेजारी बसले. बाबांचं पत्र महिनोन्‌महिने येत नसे, तेव्हा त्या दहा दिवसांतला एकेक दिवस मी आठवून आठवून पुरवत असे.

त्याच वर्षी लढाई संपली. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी बाबा दारात उभे, काळवंडलेले आणि निम्मे झालेले. माझ्याकडे बघत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कितवीत आता?”

मी मान खाली घातली. “चौथीत.”

त्यांनी ट्रंक तिथेच टाकली आणि मला, एवढ्या घोडीला, उचलून घेतलं.

“गेलो तेव्हा चौथीत, आलो तेव्हाही चौथीत,” ते म्हणाले. “म्हणजे माझं काहीच बुडालं नाही!”