तिबुर्सियोकाकांच्या डोक्यावरची थाळी

एका बऱ्यापैकी लबाड माणसाचं मी वाटोळं केलं, ते चर्चच्या मागच्या खोलीत, सुतळीच्या दोन गाठी मारून.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी आमच्या कापुलिन गावात येशूचे बारा शिष्य मिरवणुकीनं निघतात. शिष्य गावातलेच. न्हावी, सुतार, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोघे भाऊ, असे. प्रत्येकाच्या डोक्यामागे पत्र्याचं गोल कडं बांधतात. पाद्रीबाबा त्याला तेजोवलय म्हणतात, आम्ही थाळी म्हणतो. थाळ्या अकराच, कारण बारावा हूदास, येशूला विकून आलेला, तो बोडका, म्हणजे बिनथाळीचा. त्याच्यावर वाटभर संत्र्याची सालं पडतात, आणि त्या बदल्यात त्यानं कुठल्याही दुकानातून हवं ते उचलावं, कुणी परत मागायचं नाही. सगळ्यांचे झगे सारखे, टोप्या डोळ्यांवर ओढलेल्या. तेव्हा लोक चेहरा बघत नाहीत, डोकं बघतात. बोडकं डोकं ते हूदासचं. एकदा मिरवणूक निघायचा लाकडी खुळखुळा वाजला की थाळ्यांना हात लावायचा नाही, आणि जी थाळी ज्याच्या डोक्यावर चढली ती जन्मभर त्याची. अदलाबदल करायची तर दोघंही राजी हवेत.

तालुक्याच्या शाळेत शिकून आलो म्हणून थाळ्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. शिक्षणाचा आणि सुतळीचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. "रांगेत शेवटचा सोडायचा," एवढंच मला सांगितलं होतं. मी पाठीमागून एकेकाला बांधत गेलो, शेवटचा सोडला. पण गिरणीचे मालक आनाक्लेतो, म्हणजे आमचे सान पेद्रो, शिष्यांतले पहिले संत, मोठी माणसं येतात तसे उशिरा आले होते आणि जागा मिळाली तिथे, शेवटी, उभे राहिले होते. खुळखुळा वाजला, दार उघडलं. सान पेद्रो बोडके, आणि बावीस वर्षं हूदास होत आलेले तिबुर्सियोकाका डोक्यामागे चकचकीत थाळी घेऊन उन्हात उभे.

"मला वाटलं, यंदा हूदासलाही थाळी दिली," काका नंतर म्हणाले.

तिबुर्सियोकाका दूध घालायचे. गाई दोन, गिऱ्हाइकं तीस, म्हणजे हिशेब कुणाला सांगायला नको. बायका माप हातात घेऊन दारात उभ्या राहायच्या, "आज विहीर आटली वाटतं, हूदास, दूध पांढरं दिसतंय," असं म्हणायच्या. काका म्हणायचे, "गाईला तहान लागली होती, बाई, मी काय करू?" मग शिव्या, मग मापावर एक ओंजळ जास्तीची, आणि सगळे खूश. संध्याकाळी पुल्के दारूच्या गुत्त्यावर त्यांच्याभोवती कोंडाळं असायचं. ते खोटं बोलायचे, बाकीचे त्याहून मोठं खोटं बोलायचे. हूदाससमोर लाजायचं काय?

थाळी चढली, काका जन्मभराचे संत ठरले, आणि हे सगळं बंद झालं.

पहिल्या आठवड्यात विधवा फेलिसितास दारात म्हणाली, "काका, तुम्ही घालाल तसं." बस. शिवी नाही, टोमणा नाही. असं म्हटल्यावर माणूस पाणी कसा घालेल? काका निखळ दूध घालू लागले, ते दहाव्या घरी संपायचं. उरलेली घरं म्हणायची, गरिबांना वाटून आले असतील. महिन्याभरात तीन बारशांना त्यांना धर्मपिता केलं. गुत्त्यावर ते आले की लोक बाकावर जागा द्यायचे, टोप्या काढायचे आणि गप्प बसायचे. एकदा न्हाव्यानं अर्धी सांगितलेली गोष्ट त्यांना बघून गिळली. काकांनी ती पूर्ण करायची विनवणी केली. न्हावी म्हणाला, "नको काका, तुमच्यासमोर बरं नाही दिसत."

"अरे, ती गोष्ट मीच तुला सांगितली होती," काका म्हणाले. सगळे आदरानं हसले. आदरानं हसतात ते ऐकवत नाही.

चोलेकाकू, म्हणजे त्यांची बायको, तिचे तर जास्तच हाल. "पूर्वी हा रात्री पिऊन आला की शेजारणी माझी कीव करायच्या," ती मला म्हणाली. "आता मी ओरडले तर म्हणतात, बिचाऱ्या काकांना किती सोसावं लागतं."

काकांनी मग बिघडायचं ठरवलं. जूनमधल्या एका रविवारी, भर दुपारी, प्रार्थना सुटून लोक बाहेर पडत असताना, ते चौकात दुधाचा हंडा घेऊन बसले, शेजारच्या हौदातून बादली भरली आणि सगळ्यांच्या देखत ओतली. "बघा," म्हणाले, "बावीस वर्षं हेच केलंय. आजपण करतोय. द्या शिव्या."

कुणी दिली नाही. मी हौदाच्या कठड्यावरच बसलो होतो. विधवा फेलिसितासनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. सूर्याला खळं पडलं होतं, पाऊस जवळ आला की पडतं तसं, चांगलं मोठं, थाळीसारखं गोल.

"आपल्या सगळ्यांची पापं स्वतःवर घेतोय माणूस," ती म्हणाली.

"मी नाही, हे पाणी आहे, पाणी," काका म्हणाले.

"गिरणीत पीठ मीही ओलं करून विकते," मागून गिरणीवर काम करणारी बाई हळूच म्हणाली आणि रडू लागली. तिच्यामागून आणखी दोघी. त्या पाण्याच्या दुधानं कुणाच्या तरी पोराचं पोट दुखायचं थांबलं, म्हणून दुसऱ्या दिवशी हंड्यापुढे रांग लागली. काकांना पाणी घालायची मुभा मिळाली खरी, पण औषध म्हणून. "शिवी खाल्ल्याशिवाय पाणी घालायचं म्हणजे नुसती हमाली," असं ते मला म्हणाले, आणि डोळे पुसले. मी आधी हसणार होतो.

पुढच्या वर्षी लेंट, म्हणजे पवित्र आठवड्याआधीचे उपासाचे दिवस, सुरू होताच ते मला साक्षीला घेऊन गिरणीवर गेले.

आनाक्लेतो मालक पिठानं पांढरे झाले होते आणि शीळ घालत होते. इतक्या वर्षांत त्यांना शीळ घालताना मी पाहिलं नव्हतं.

"मालक, तुमची थाळी घ्या परत," काका म्हणाले. "माझ्या मानेला झेपत नाही."

"बैस, तिबुर्सियो."

"बसायला वेळ नाही. हो म्हणा."

"ऐक तर. वीस वर्षं लोक मला 'मालक, मालक' म्हणायचे आणि पाठ वळली की थुंकायचे. त्या गुरुवारी पहिलं साल डोक्यावर आपटलं, तेव्हा वाटलं, पोलीस बोलवावेत. मग मी टोपीवाल्याच्या दुकानातून एक टोपी उचलली आणि पळालो. माझ्या वयाचा माणूस पळाला. सगळा चौक हसला, आणि मीपण हसलो." त्यांनी तराजूत पीठ टाकलं. समोरच्या बाईनं लगेच म्हटलं, "अंगठा काढ, चोरा." मालकांनी अंगठा काढला, वर मूठभर पीठ टाकलं. बाई खुशीत गेली.

"बघितलंस?" मालक म्हणाले. "हे मी सोडू?"

"ते माझं आहे," काका म्हणाले.

"होतं."

मग काकांनी शेवटचा उपाय काढला, तो मी. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी ते माझ्या घरी आले, फडक्यात गुंडाळलेला ताज्या चीजचा अख्खा गोळा टेबलावर ठेवला. चोलेकाकूनं निखळ दुधाचा केलेला होता.

"गेल्या वर्षी चुकलास, तसा उद्या चूक," म्हणाले. "मी शेवटी उभा राहतो. तू कुणाकडे बघू नकोस."

"काका, कळल्यावर मालक काय म्हणतील?"

"संताला कोण काय म्हणतंय? माझ्या नावावर ढकल. थाळीचा तेवढा तरी उपयोग होऊ दे."

मी मान डोलावली, आणि रात्रीच्या जेवणाला अर्धा गोळा संपवला. फार चांगलं चीज होतं.

गुरुवारी खोलीत शिरलो तर आनाक्लेतो मालक आधीच येऊन बसलेले. जन्मात पहिल्यांदा वेळेआधी. रांगेच्या टोकाला भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांनी भिंतीतली खुंटी धरून. काकांनी त्यांना ढकलून पाहिलं, मागे जागाच नव्हती. बाकीचे शिष्य बघत होते, आणि पाद्रीबाबा दारात घड्याळ बघत होते.

"सरका, मालक," काका दातांतून म्हणाले.

"शिव्या दे की मोकळ्या मनानं," मालक म्हणाले. "तुला कोण अडवतंय?"

काकांनी दिली. चांगली लांब, आईपासून गिरणीपर्यंत पोचणारी. सुतारानं छातीवर क्रूस काढला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "ऐकलंस? सान पेद्रोलाही राग यायचा म्हणतात." खुळखुळेवाला खुळखुळा धरून थांबला होता. मी एक एक थाळी बांधत आलो. काकांपाशी पोचलो तेव्हा त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मालकांच्या हातांकडे पाहिलं; खुंटी सुटत नव्हती. काकांनी मान खाली घातली, गाईनं दाव्याला घालावी तशी. मी दोन गाठी मारल्या.

उरलेलं अर्धं चीज मी शनिवारी परत घेऊन गेलो. काकांनी ते घेतलं नाही. संतानं दिलेलं परत कसं घ्यायचं, लोक काय म्हणतील, या काळजीत ते दारातच उभे राहिले, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या दोघी थांबून बघायला लागल्या तसे मला आशीर्वाद देऊन आत गेले. तेही मी खाल्लं.

चोलेकाकूच्या डोक्यावर मात्र थाळी नाही. ती परवा बाजारात सगळ्यांसमोर म्हणाली, "चीज गिळलंस ते गिळलंस, काम केलं नाहीस ते नाहीस. निदान माझं फडकं तरी आणून दे."

देईन म्हटलं.