मला सुचलं नसतं असं म्हणणारा माणूस

पेरणीयंत्राच्या खतपेटीचा पत्रा खतानं दोन हंगामांत चाळणी होतो. त्याला गंज न लागू देणारा लेप मी लातूरला माझ्या शेडमध्ये शोधून काढला, तेव्हा त्यातल्या बिब्ब्याच्या तेलानं माझं तोंड इतकं सुजलं की बायकोनं दार उघडून "ते शेडवर गेलेत" असं मलाच सांगितलं. लेप मात्र अस्सल. हदगावच्या एका शेतकऱ्यानं लेप दिलेला पत्रा पावसाळाभर ओल्या खतात पुरला आणि दिवाळीला काढून त्यात बघून दाढी केली.

मी पेटंटचा अर्ज केला. समोरच्या शेडमध्ये त्याच पेट्या करणाऱ्या अप्पांनी लगेच हरकत घेतली: यात नवं काही नाही, धंद्यातल्या कुणालाही सहज सुचेल. हरकत टिकली असती तर दुसऱ्या दिवसापासून माझा लेप अप्पांच्या पेट्यांवर चढला असता.

वकीलबाई म्हणाल्या, "धंद्यातला एक जाणता माणूस आणा. त्यानं शपथपत्रावर एवढंच लिहून द्यायचं, 'मला हे सुचलं नसतं.'"

एवढंच! त्यापेक्षा वाघिणीचं दूध मागितलं असतं तर बाटलीत भरून आणलं असतं. लोहा गावच्या लोहारमामांना कृती सांगितली: गार पत्र्यावर पातळ हात, दिवसभर सावलीत वाळवण, पुन्हा हात, मग मंद भट्टी. मामांनी पत्रा पाचदा उलटापालटा केला, चाटूनसुद्धा बघितला.

"त्यात काय इशेष? कुणालाबी सुचंल."

"मग तुम्ही का न्हाई केलं, मामा?"

"येळ कुठं हाय?"

इस्लापूरपर्यंत फिरलो. तिथं सायकलींचं पंक्चर काढणाऱ्यालाही ते लहानपणीच सुचलेलं निघालं.

शेवटी शपथपत्राविनाच सुनावणीला बसलो. सुनावणी व्हिडिओवर. पडद्यावर अप्पा, कपाळावर ताजी विभूती. अधिकारी साहेबांनी मऊ आवाजात विचारलं, "इतकं सोपं होतं, तर तुम्ही का केलं नाहीत?"

"गरज पडली न्हाई" एवढंच बोलून थांबले असते तर मी बुडालो होतो. थांबलेही. पण साहेबांनी पुढं विचारलं, "म्हणजे तुम्हाला सुचलं नव्हतं?"

अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "न सुचायला काय झालं? बिब्ब्याचं तेल मीच आधी लावलं! तीनदा लावलं! तापल्या पत्र्यावर जळून गेलं. गार पत्र्यावर लावून भट्टीत घातलं, तर पापडावानी सुटलं. ते बसतच न्हाई, साहेब!"

"कुणाकडूनच नाही?"

"मला जमलं न्हाई म्हंजे कुणालाच न्हाई!"

वकीलबाईंनी टेबलाखाली माझा पाय असा दाबला की अंगठ्याचं नख काळं पडलं. जाणत्या माणसानं तीनदा करून हात टेकले, ती गोष्ट सहज सुचणारी कशी, एवढंच त्या बोलल्या, आणि पुढं पेटंट मला मिळालं ते त्याच जोरावर. त्या वेळी मात्र साहेब खाली मान घालून लिहीत होते, आणि अप्पा अजून बोलतच होते; तीनदा म्हणाले तरी लावलं होतं चौथ्यांदाही, आणि त्या वेळी काय झालं ते सांगायचं बाकी होतं.