सगळ्यांच्या मागून जेवणारी

"ताई, शेवटची भाकर कधी खाल्ली?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे बोलले, "रोजच खाते ना साहेब. काल रात्रीबी जेवली."

डॉक्टर माझ्याकडेच पाहत राहिले. चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात नुकतीच माझी एन्डोस्कोपी झाली होती. म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी घालून अन्ननलिका आतून पाहिली होती. घसा बधिर करायला मारलेल्या औषधाने जीभ जड झाली होती. तशाच जिभेने मी सांगितलं, "भाकर धानाच्या रोवणीआधीच सुटली. पोळ्याच्या सणापासून भातही जात नाही. आता पेज पिते. तीही अर्धी परत येते."

डॉक्टर म्हणाले, "अन्ननलिकेत गाठ आहे. वाट जवळजवळ बंद झाली आहे. बायोप्सीला तुकडा घेतला आहे, म्हणजे तो प्रयोगशाळेत तपासतील. पण ताई, तुम्हाला अंधारात ठेवत नाही. मला ती कॅन्सरचीच गाठ वाटते."

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. मुलगा सचिन औषधं आणायला गेला होता. ह्यांनी कॅन्सरबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "मंग तू इतके दिवस खात काय होती?"

मी हे लिहिते आहे ते त्या प्रश्नासाठी. माझ्यासारख्या बायका घरोघरी आहेत. त्यांच्या घरच्यांनाही उद्या हाच प्रश्न पडू शकतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्याच्या गावापासून जवळच आमचं गाव. धानाची शेती आहे. सचिनचं सावलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सून प्रणाली लग्न होऊन आली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी गावच्या अंगणवाडीत सेविका. गरोदर बायकांच्या घरी जाऊन मी सांगायची, "बाई, सगळ्यांसोबत जेवत जा, उरलंसुरलं खात जाऊ नको." घरी आले की मी चुलीजवळ बसून सगळ्यांना वाढायची आणि सगळे उठल्यावर जेवायची. माझी सासू तशीच जेवायची. ह्यात काही चुकतं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

पहिला घास अडकला तो चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, विहारातल्या जेवणात. पुरी आणि वांग्याची भाजी होती. छातीच्या मधोमध कोणी मूठ आवळून धरावी तसं झालं. पाणी प्यायले, ते वर आलं. जरा वेळाने घास आपोआप खाली उतरला. घाईत खाल्लं म्हणून झालं असेल, असं मी धरलं.

मग ते पुन्हा झालं. भाकर आधी दुधात भिजवून खाऊ लागले, नंतर सोडली. कोंबडीचा रस्सा तेवढा घ्यायचे. मेडिकलमधून गॅसच्या गोळ्या आणायचे. घास अडकतो, खाली उतरत नाही, ह्याला डॉक्टर डिस्फेजिया म्हणतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला तो गॅस वाटायचा. रोवणी सुरू होती, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बायका होत्या, त्यांचा डबा करायचा होता. भात वरणात कालवून, बोटांनी चिरडून, घोटघोट पाण्यासोबत ढकलायचे. नाही गेला तर मोरीत थुंकायचे. ताट धुवायची मीच. कोणाला काय कळणार?

ब्लाऊज ढिले झाले. अंगणवाडीतली मदतनीस म्हणाली, "बाई, वाळून राह्यल्या तुम्ही." मी म्हटलं, पावसाळ्यात होते तसं.

पकडलं ते प्रणालीने. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. दुपारी पुरुष जेवून गेल्यावर ती ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, मी तुमच्यासोबतच जेवते आजपासून. एकटीनं जेवाले मले करमत नाई."

मी घास घेतला, चावत राहिले, चावतच राहिले. ती बोलायची थांबली. मी उठून मोरीकडे गेले तशी ती मागे आली आणि माझी पाठ धरून उभी राहिली.

"कधीपासून होऊन राह्यलं हे?"

"काई नाई, ठसका लागला."

"आई, खोटं नका बोलू. हे ठसक्यावानी नाई."

त्याच संध्याकाळी तिने सचिनला सांगितलं, "आईले गिळाले तरास होते, चंद्रपूरले घेऊन चला." ती बोलली नसती तर मी आणखी किती दिवस ढकलत राहिले असते, मला माहीत नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरातून उठलेला कॅन्सर. पुढे नागपूरला पाठवलं. तिथे सीटी स्कॅन झाला. तिथले डॉक्टर म्हणाले, "गाठ श्वासनलिकेला चिकटली आहे. ऑपरेशन करता येणार नाही. रेडिएशन आणि केमो सोबत देऊ." रेडिएशन म्हणजे किरणांनी गाठ जाळणं. केमो म्हणजे सलाइनमधून जाणारं कॅन्सरचं औषध.

त्याआधी नाकातून पोटापर्यंत नळी घातली. ह्या फीडिंग ट्यूबमधून आता जेवण जाणार होतं. वरणाचं पाणी, दूध, पातळ पेज, सगळं बारीक करून, गाळून, मोठ्या सिरिंजने सावकाश सोडायचं. आधी आणि नंतर थोडं पाणी सोडायचं, नाहीतर नळी तुंबते. सोडताना बसून राहायचं आणि नंतरही लगेच आडवं व्हायचं नाही. नळी लागणार असेल तर नर्सकडून हे नीट शिकून घ्या. पोट भरतं. पण तोंडाला काही कळत नाही. दिवसभर तोंड वाट पाहत असतं.

नागपूरला दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत आम्ही दोघं राहिलो. सचिनला दुकान होतं, प्रणालीवर घर होतं. ज्या माणसाने आयुष्यात चहा केला नव्हता, तो आता गॅसच्या शेगडीसमोर उकिडवा बसलेला. मी खाटेवरून सांगायची, "आधी तेल तापू द्या. मोहरी तडतडली की लसूण टाका." ते लसूण आधी टाकायचे आणि जाळायचे. माझी पेज मात्र ते न चुकता गाळायचे, दोनदा.

शेजारच्या खोलीत चैती नावाची बाई होती. हेमलकशाच्या पलीकडच्या गावची, माडिया आदिवासी. मराठी तोडकंमोडकं बोलायची. आजार माझाच, नाकातली नळीही तशीच. सोबत तिचा भाऊ होता, तो खानावळीत जेवून यायचा. हे फोडणी द्यायला बसले की चैती आमच्या दारात येऊन भिंतीला टेकून बसायची. पहिल्या दिवशी हे गडबडले. तिला त्रास होईल म्हणून शेगडी बंद करू लागले.

ती म्हणाली, "बंद नोको करू भाऊ. मले वास पायजे."

ती तशीच डोळे मिटून बसायची, शेगडी बंद होईपर्यंत. मलाही आधी फोडणीचा वास आला की रडू यायचं. तिच्यासोबत बसून बसून मी तो घ्यायला शिकले.

रेडिएशन अर्धं झालं असताना एका सकाळी तिची खोली झाडलेली दिसली. भाऊ तिला गावी घेऊन गेला होता. तिला तिथे करमत नव्हतं आणि अंगात रेडिएशन सोसण्याची ताकद उरली नव्हती. काही आठवड्यांनी ह्यांनी त्या भावाला फोन लावला. फोन ठेवून ते शेगडीपाशी गेले आणि ती न पेटवता बसून राहिले. चैती गेली, हे मला त्यावरूनच कळलं.

माझे उपचार पूर्ण झाले. घसा आतून सोलून निघाल्यासारखा झाला होता. थुंकी गिळली तरी डोळ्यांत पाणी यायचं. नळी ठेवूनच आम्ही गावी आलो.

घरात शिरले तेव्हा वेगळंच वाटलं. कशाचाच वास नव्हता. दोन दिवसांनी कळलं की प्रणाली शेजारच्या घरी जाऊन स्वयंपाक करून आणते. मला दिसू नये म्हणून सगळे मागच्या पडवीत, दार लावून, आळीपाळीने जेवतात. हे तर एक वेळचं जेवण टाळू लागले होते. माझ्यासाठीच करत होते सगळे. पण पलंगावर पडल्या पडल्या ते बंद दार पाहून मला वाटलं, मी मेल्यावर हे घर असंच असेल. ते मला जिवंतपणी पाहायचं नव्हतं.

मी प्रणालीला बोलावलं. आवाज घोगरा झाला होता, पण निघत होता. "चूल घरातच पेटव. लसणाची फोडणी दे. आणि सगळ्यांची ताटं माझ्यासमोर मांड."

"आई, तुमच्यासमोर कसं जेवाचं आम्ही?"

"जसे जेवत होते तसेच. माझी सिरिंजबी तेव्हाच भर."

त्या रात्री तिने तुरीचं वरण, भात आणि वालासारख्या पोपटाच्या शेंगांची भाजी केली. सगळे माझ्या खाटेजवळ बसले. ह्यांनी घास उचलला आणि ताटात परत ठेवला. सचिन मान खाली घालून भरभर खात होता. प्रणाली माझ्या नळीत पेज सोडत होती आणि तिचे अश्रू हातावर पडत होते. चांगलं जेवण नव्हतं ते. पण दुसऱ्या दिवशीही आम्ही तसेच बसलो, तिसऱ्याही. मग हळूहळू हे भाजीत मीठ कमी आहे असं बोलू लागले, आणि मला हायसं वाटलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नळी निघाली. आधी पाण्याचा घोट, मग वरणाचं पाणी, मग आंबील. आंबील छातीतून खाली उतरताना मला कळत होती. मी मान वर करून खूण केली, गेली म्हणून. ह्यांनी तोंड फिरवलं आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

मी बरी झाले, असं लिहून इथे थांबता आलं असतं. पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा घास अडकू लागला. ह्या वेळी त्याच दिवशी घरात सांगितलं. स्कॅनमध्ये गाठ परत आलेली दिसली, यकृतावरही डाग दिसले.

नागपूरच्या डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "ताई, आता जे उपचार करू ते आजार काढून टाकण्यासाठी नाहीत, त्रास कमी करण्यासाठी आहेत. ह्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तुम्हाला तोंडाने जेवता यावं, दुखू नये, हे आपण पाहू."

मी विचारलं, "आधी आले असते तर?"

ते म्हणाले, "आधी आलेल्यांचं ऑपरेशन करता येतं. सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणांचं. तुमचं काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही." खोटा धीर दिला नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मग स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे जाळीची छोटी नळी, ती गाठीच्या जागी अन्ननलिका उघडी धरते. आता मऊ, पातळ अन्न खाली जातं. भाकर जाणार नाही. कधीच नाही. दुखतं तेव्हा गोळी घेते. किती दिवस आहेत ते विचारणं मी सोडलं आहे.

बायांनो, घास एकदा अडकला तर काही नसेलही. पुन्हा पुन्हा अडकू लागला तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि दुर्बिणीने तपासून घ्या. गॅसच्या गोळ्या खात बसू नका. आणि घरच्यांनो, तुमच्या घरात सगळ्यांच्या मागून कोण जेवतं, ते काय जेवतं, एकदा समोर बसून पाहा.

मागच्या आठवड्यात सकाळी हे खाटेच्या काठावर येऊन बसले. आता भात हेच लावतात, भाजी प्रणाली करते. म्हणाले, "आज काय खाशील? तू म्हणशील ते करतो."

मी उत्तर द्यायला गेले आणि थांबले. ह्यांना सुकट आवडते, सचिनला बेसनाच्या पातोडीचा रस्सा, प्रणालीला आंबाडीची भाजी. मला काय आवडतं, ते आठवेना. आजवर कोणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. प्रणाली दारात येऊन उभी राहिली. हे बसून होते, घाई करत नव्हते.

मग आठवलं. मी म्हणाले, "अजी, कढी करा. मेथीदाणे घालून. आंबट."

त्यांनी ती स्वतः केली. जाळ जास्त झाला आणि कढी फाटली. ते वाटी हातात घेऊन उभे होते, देऊ की नको असे.

"द्या इकडे," मी म्हटलं. वाटीभर कढी प्यायले. सगळी खाली उतरली.